कन्नडच्या हौदात मामांचा नवा जन्म

फेब्रुवारीत मामांचा फोन आला. रविवारी त्यांचा बाप्तिस्मा होता. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी एकटीच निघाले.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय त्रेसष्ट. घराणं ख्रिस्ती, पण मामा लग्न-मयतीखेरीज चर्चला जात नसत. त्यातून स्वभाव तापट. आजीच्या दफनाच्या दिवशी त्यांनी धाकट्या भावाच्या, प्रकाशमामांच्या, चारचौघांत थोबाडीत मारली होती. तेव्हापासून अकरा वर्षं अबोला.

शनिवारी पहाटे पुण्याहून बस धरली. दुपारी छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया, म्हणजे नानसोबत मटणाचा रस्सा, खाल्ला (पोटभर खाऊ नका, पुढं प्रवास आहे) आणि गुलमंडीत मामांसाठी पांढरा कुर्ता-पायजमा घेतला. पाण्यात उतरायचे कपडे आहेत म्हटल्यावर दुकानदार चाचांनी पिशवीत एक टॉवेल टाकला, "आमच्याकडून भेट" म्हणाले.

मध्यवर्ती स्टँडवरून कन्नडची एसटी मिळते. खिडकी पकडा, वाटेत दौलताबादचा किल्ला दिसतो. कन्नडहून मामांच्या गावापर्यंत जीप.

पोहोचले तर घरात पेच. बाप्तिस्म्याला अख्खा माणूस पाण्यात बुडवतात; तेवढा हौद गावात एकच, आणि तो प्रकाशमामांच्या मळ्यात. चर्चचे पाळक साहेब त्यांना विचारायला निघाले होते. मामांनी साहेबांना थांबवलं आणि मला सोबत घेतलं.

प्रकाशमामा उसाला पाणी देत होते. मामा सरीत उभे राहिले.

"प्रकाश, मी तुला मारलं. चुकलो. माफ कर."

"अकरा वर्षं लागली?"

"व्हय. लई हट्टी माणूस होतो."

प्रकाशमामांनी फावड्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग म्हणाले, "उद्या किती वाजता भरून ठेवू?"

परतताना मामा रस्ताभर डोळे पुसत होते.

रविवारी हौदाभोवती सगळी मंडळी जमली. पाळक साहेबांनी सोप्या शब्दांत सांगितलं: हा मेल्यानंतरचा पुनर्जन्म नाही, जितेपणीचा आहे. पाण्यानं पाप धुतलं जात नाही. देवानं आत जे केलं त्याची ही साक्ष. खाली जाताना जुना माणूस पुरला जातो, वर येतो तो ख्रिस्ताबरोबर नव्यानं उठलेला.

पाणी गार होतं. मामा थरथरले, तसे प्रकाशमामा अंगातल्या कपड्यांनिशी हौदात उतरले आणि त्यांचा दंड धरला. पाळक साहेबांनी बुडवलं, आणि मामा वर आले ते हसतच. मंडळींनी गाणं धरलं, मामींनी टाळ्यांचा ठेका. दुपारी मटण-भात, दोघे भाऊ एका ताटात.

सोमवारी मला स्टँडवर सोडायला आलेले मामा माझ्या सीटवरून कंडक्टरवर खेकसले. चार पावलं गेले, थांबले, मागं येऊन त्याला हात जोडले. मला म्हणाले, "एकच दिवसाचा झालोय गं. शिकन हळूहळू."

लहानपणापासून 'नवा जन्म' हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की ते कानांवरून जायचे. घरी आल्यावर आईनं विचारलं, दादा खरंच बदलला का? मी म्हटलं, राग येतो अजून. पण आता ते मागं फिरतात.