न फुललेला गुलमोहर

शिंपीमास्तरांच्या दुकानात एक रिवाज होता. कापड कोणतंही असो, धागा गिऱ्हाइकानेच निवडायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर रिळांच्या रांगा असत. मास्तर गळ्यात टेप अडकवून बाजूला सरकत आणि म्हणत, "धागा तुमच्या हाताने निवडा. कपडा लाभतो." लोकांना त्याचं फार अप्रूप होतं. मोठमोठी माणसं चष्मा सावरून रिळांपुढे उभी राहत आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करत.

त्याच खोलीत, खिडकीपाशी, मास्तरांची बायको काज-बटणं आणि तुरपाई करायची. सगळा मोहल्ला तिला मास्तरीणबाई म्हणे. या बाईला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. "आमच्या ह्यांना मी उसवून, उलटं करून, पुन्हा शिवून पाहिलंय," ती म्हणायची. "आत काय आहे ते मला विचारा." आणि ते खरंच वाटायचं. मास्तरांना चहात साखर किती लागते इथपासून ते खोटं बोलताना त्यांचा कुठला कान लाल होतो इथपर्यंत तिला ठाऊक होतं.

मास्तर तसे कौतुकाला कंजूष. पण अधूनमधून हातातलं काम तिच्यापुढे धरून विचारायचे, "अगं, बघ जरा. जुळतोय का?" ती सुई बाजूला ठेवायची, कापड उजेडात न्यायची, धागा त्यावर ताणायची आणि निकाल द्यायची. "तुझ्या नजरेला तोड नाही," मास्तर म्हणायचे. एवढ्याशा वाक्यावर ती आठवडाभर खूश असायची.

एकदाच घोळ झाला होता. ती माहेरी गेलेली असताना बँडमास्तरचा किरमिजी कोट कोणा पोऱ्याने दुरुस्तीला टाकला आणि मास्तरांनी तो चक्क हिरव्या धाग्याने शिवून दिला. बँडमास्तर भांडायला आला, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "आता हीच फॅशन आहे." पुढे साऱ्या बँडने तशीच शिवण करून घेतली. मास्तरीणबाई हा किस्सा पाहुण्यांना हमखास सांगायची आणि नवऱ्याच्या हजरजबाबीपणावर स्वतःच आधी हसायची.

तर या दोघांचं त्या उन्हाळ्यात एका झाडावरून बिनसलं. दुकानासमोरची पाण्याची जुनी टाकी पाडली आणि दुपारचं ऊन थेट मशीनवर यायला लागलं. झाड लावायचं, यावर एकमत झालं. कोणतं, यावर गाडी अडली. तिला हवा होता गुलमोहर. मास्तरांना बहावा.

"गुलमोहराच्या मुळ्या फरशी उचलतात," मास्तर म्हणत. "फांद्या ठिसूळ. जरा वारा सुटला की आल्या खाली."

"आणि तुमचा बहावा मोठा होईपर्यंत आपण काठ्या टेकत फिरू. त्याच्या त्या लांबलचक शेंगा कोण झाडणार? बँडमास्तर?"

जेवताना झाड, काज करताना झाड. एरवी दोन वाक्यांत माघार घेणारा हा माणूस झाडावरून हट्टाला का पेटलाय, तिला कळेना. शेवटी दोघं नर्सरीत गेली. नर्सरीवाला गप्पिष्ट होता. "रोपांवरून काय कळणार? मागे चला, दोन्ही मोठी झाडं शेजारीशेजारी आहेत. बघा आणि ठरवा."

कुंड्यांच्या रांगा ओलांडून ती मागच्या अंगणात आली आणि मास्तरीणबाईचे पाय थबकले. गुलमोहर असा फुलला होता की पानं शोधावी लागावीत. खाली गवतावरही पाकळ्यांचा सडा. तिला वाटलं, आता वाद संपला. या झाडापुढे कोण काय बोलणार?

मास्तर कमरेवर हात ठेवून दोन्ही झाडं बघत होते. मग म्हणाले, "हा अजून फुलायचाय वाटतं. तो बहावा बघ, पिवळ्या घोसांनी कसा लगडलाय."

नर्सरीवाला खो-खो हसला. मास्तरीणबाईही हसली, नवऱ्याची कोरड्या तोंडाने थट्टा करायची खोड तिला माहीत होती. मग मास्तरही हसले. पण ते उशिरा हसले. आधी त्यांनी नर्सरीवाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नंतर हसले. त्यांचा डावा कान लाल झाला होता.

"एक फूल उचलून द्या ना," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ते काय, तुमच्या पायाशी."

मास्तर वाकले. हात गवतावरून फिरला. पडलेली सुई शोधताना फिरावा तसा, चाचपत. एक डहाळी हाताला लागली, ती टाकली. शेवटी बोटांनी एक पाकळी ओळखली आणि वर धरली. "हे?"

सगळा गुलमोहर त्या माणसाच्या पायाखाली पडला होता आणि तो एक पाकळी चाचपून शोधत होता. नर्सरीवाला शहाणा, पाणी द्यायच्या निमित्ताने सटकला. मास्तरीणबाई तिथल्याच एका पालथ्या कुंडीवर बसली.

"तुम्हाला लाल दिसत नाही?"

मास्तरांनी पाकळी बोटांत फिरवली. "लाल नि हिरवं एकच वाटतं. लहानपणापासून."

धागा तुमच्या हाताने निवडा. अगं, बघ जरा, जुळतोय का. एकेक गोष्ट उसवत गेली. बँडमास्तरचा कोट. भाजी आणायला सांगितलं की हिरवे टोमॅटो घेऊन येणं. आणि ते 'तुझ्या नजरेला तोड नाही'. म्हणजे ते कौतुक नव्हतंच. ती त्यांची नड होती. तिला कोणीतरी भर रस्त्यात मुस्काटात मारल्यासारखं झालं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

मास्तरांनी पाकळीची घडी घातली.

"मी विचारतेय."

"चिमणीला."

चिमणी म्हणजे त्यांची लेक, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. मास्तरीणबाईने तिथल्या तिथे फोन लावला. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, तुला खरंच माहीत नव्हतं? मी शाळेत असल्यापासून बाबांची रिळं लावून द्यायचे. लाल सगळी वरच्या फळीवर, हिरवी खाली. मला वाटायचं, तुम्ही दोघं त्यावर बोलत नाही, एवढंच."

तिने फोन ठेवला. ज्या फळ्या ती रोज फडक्याने पुसायची, त्यांच्यात तिच्या नाकासमोर एक अख्खं गुपित मांडून ठेवलेलं होतं.

"लेकीला सांगितलंत. मला का नाही?"

मास्तरांनी पाकळी गवतावर ठेवली. "तुझा तो रेशमी पोशाख आठवतो? तुझ्या आईने शिवलेला. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात घातला होतास."

तिला न आठवायला काय झालं? लालभडक रेशीम. ती दारात उभी राहिली होती आणि तिने विचारलं होतं, कसा दिसतो रंग? आणि हा माणूस म्हणाला होता, "मातकट आहे." ती आत जाऊन खूप रडली होती. आपल्या सावळ्या अंगाला लाल शोभत नाही हे तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं आणि त्यानंतर लाल रंगाचं काही अंगाला लावलं नाही. साधी रिबीनही नाही.

"मला मातकटच दिसला," मास्तर म्हणाले. "तो लाल होता हे पुढे कधीतरी तुझ्याच बोलण्यातून कळलं. तोवर तू लाल सोडून दिला होतास. आता कुठल्या तोंडाने सांगू? की तुझ्यात काही खोट नव्हती, माझ्या डोळ्यांत होती. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता..." ते थांबले. "दारात गुलमोहर आला असता तर तू रोज म्हणाली असतीस, बघा ना. मी काय बघणार होतो?"

तिला रडू आलं नाही. संताप आला. काळजाच्या आरपार गेलेला, जुना, शिळा संताप. एका शब्दावर तिने सारं तारुण्य करड्या नि निळ्या कपड्यांत काढलं होतं, आणि ज्याच्यासाठी काढलं त्याला तो फरक दिसतही नव्हता.

नर्सरीवाला लांबून खाकरला. "ताई, कोणतं काढू मग?"

"गुलमोहर," ती म्हणाली.

रोप मास्तरांनीच उचललं आणि घरी येऊन खड्डाही त्यांनीच खणला, फरशीपासून चांगला लांब.

ते हातपाय धुऊन दुकानात आले तर शिवणाच्या टेबलावर तो पोशाख पडला होता. ट्रंकेच्या तळातून काढलेला, घड्यांवर चुरगळलेला. आणि शेजारी फळ्यांवरची सगळी रिळं एका ढिगात ओतलेली. मास्तरीणबाई ढिगापाशी उभी होती.

"मला घट्ट होतो," ती म्हणाली. "आईने आत कापड सोडलंय. सैल करा."

मास्तरांनी रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं. मग सवयीने म्हणाले, "धागा तुझ्या हाताने..."

"तुम्ही निवडा."

मास्तरांचा हात ढिगावर थांबला. एवढी वर्षं त्या हाताने किती कपडे बेतले असतील, कधी डगमगला नव्हता. त्यांनी एक रीळ उचललं, ठेवलं, दुसरं उचललं, खिडकीशी नेलं, पोशाखावर धागा ताणून बघितला. कपाळावर घाम आला होता. तिने सबंध वाटभर जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते तिच्या जिभेवर तयार होतं.

"हा?" त्यांनी विचारलं. "जुळतोय का?"

पोपटी हिरवा होता.

तिला बँडमास्तरचा कोट आठवला, आणि जिभेवर तयार असलेलं सगळं तिने तिथेच सोडलं. मग चष्मा लावून खिडकीपाशी आपल्या जागेवर बसली आणि सुई उचलली.

"शिवा," ती म्हणाली.