‘पिंजण’ हे नाव कुणाचं

आमच्या साहित्य मंडळाचं नाव ‘पिंजण’. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. आम्ही काही मास्तर आणि कचेरीतले कारकून दर रविवारी लोधीपुऱ्यात एका पिंजारीचाचांच्या ओट्यावर कविता वाचायचो. एकदा एका कवितेवर तासभर वाद चालला, तेव्हा चाचा आतून ओरडले, “अरे मास्तर, मी पिंजतो त्यातून गादी तरी भरते. तुमचं हे पिंजण कशासाठी?” आम्ही खूप हसलो आणि तेच नाव ठेवलं.

पुढे नागपूरहून आलेल्या एका संपादकांनी विचारलं, “हा शब्द कुणाला सुचला?” चाळिशी उलटलेला मी म्हणालो, “मलाच.” आत कापूस पिंजायचा आवाज थांबला. मी आठवडाभर दुसऱ्या गल्लीनं शाळेत गेलो.

रविवारी मी ओट्यावर सर्वांसमोर खरं सांगितलं आणि संपादकांना लिहिलेलं पत्र चाचांना वाचून दाखवलं. ते कापूस झटकत म्हणाले, “मास्तर, निम्मं पत्र माफीचंच आहे. ते काढा. शब्द माझा, एवढंच लिहा.”

मंडळात माझ्या लिखाणावर झालेली ती सर्वांत चांगली दुरुस्ती होती.