मोठ्या केंद्रकाचा वारसा

सुनेत्राबाईंना आपल्या जावेचा हेवा वाटे, आणि स्वतःपाशी तरी त्या हे नाकारत नसत. परळच्या कॉलेजात सकाळी जीवशास्त्र शिकवून त्या दुपारी गिरगावच्या चाळीत परतल्या, की पुतणी स्पृहा त्यांच्याच ताब्यात. धाकटी जाऊ बकुळा बँकेत. तिला यायला दिवेलागण. वेण्या, पाढे, गोवर, कांजिण्या, सगळं सुनेत्राबाईंनी निस्तरलं. आणि लोक म्हणायचे काय? "पोरगी अगदी बकुळावर गेलीय हो!" राबायचं एकीनं आणि नाव दुसरीचं! सुनेत्राबाईंना मूल नव्हतं, म्हणून हे जास्तच झोंबे.

त्यात बकुळाच्या हाताला चव. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तिनं माहेरच्या रीतीनं मोदकांखाली हळदीची पानं घातली, तर अख्खा मजला त्या वासाचं कौतुक करत बसला. पुढच्या वर्षी सुनेत्राबाईंनी पानं बाजूला सारली नि ठोकून दिलं, "आपल्यात चालत नाहीत." बकुळानं मान डोलावली. विषय संपला.

यंदा स्पृहा बीएस्सीला. गणपतीच्या आदल्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली.

"काकू, ह्या एकपेशीय पॅरामेशियमला दोन न्यूक्लियस कशाला गं? एकात भागत नाही?"

"रोजचा सगळा कारभार मोठं केंद्रक बघतं. छोटं नुसतं गप्प बसून असतं. पण दोन पेशी जोडीला येऊन देवाणघेवाण करतात, तेव्हा पुढे जातं ते छोटंच. मोठ्याचे तुकडे होऊन ते विरून जातं."

"शी! मग राबून काय मिळालं त्याला?"

"तेच तर." सुनेत्राबाईंचा आवाज कडवट झाला. "पण एक गंमत आहे. छोट्यातून नवं मोठं केंद्रक घडतं, तेव्हा ते जुन्याशी ताडून पाहिलं जातं. जुन्या मोठ्यात जो तुकडा नव्हता, तो नव्यातूनही छाटला जातो."

"म्हणजे जाता जाता आपलं घोडं दामटतंच की!" स्पृहा हसली.

दुसऱ्या दिवशी मोदक पहिल्यांदाच स्पृहा करणार होती. बकुळानं दादरहून फुलं आणली, आणि इतक्या वर्षांनी, लेकीचे पहिले मोदक म्हणून, हळदीची पानंही. ती चाळणीत पसरायला लागली तशी स्पृहानं हात धरला.

"आई, ही नको. आपल्यात नाही चालत."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? काकू कधीच घालत नाही."

सुनेत्राबाईंना आतून उकळ्या फुटल्या. घ्या! नाक बकुळाचं असेल, हात माझा आहे. एक शब्द बोलल्या असत्या, तर पानं चाळणीत गेली असती. त्या दूर्वा निवडत राहिल्या.

बकुळानं पानं पुसली, पुन्हा पिशवीत घातली आणि हसून म्हणाली, "अगदी ताईंवर गेलीस गं."

एवढं एक वाक्य ऐकायला सुनेत्राबाईंनी वीस वर्षं वाट पाहिली होती. आज ऐकलं, आणि त्यांना बकुळाच्या तोंडाकडे बघवेना.