नीळमावशीची साक्ष

पत्र आलं त्या दिवसापासून नीळमावशी चादरी मोजताना चुकू लागली.

निराधारांच्या आश्रमात ती चौतीस वर्षं धुणं करत होती. रोजच्या साठ-सत्तर चादरी. रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात, मग सगळं सोडा घालून उकळायचं, शेवटी नीळ. बोटांच्या पेरांत तो निळा रंग कायमचा मुरला होता, म्हणून वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी तिचं बारसं नव्याने करून टाकलं. तिला मुलगी झाली तेव्हा एकाने विचारलंही होतं, पोर गोरी आहे की निळी?

पत्र बिशपांच्या कचेरीतून आलं होतं. ज्यांनी हा आश्रम उभा केला, त्या थोरल्या सिस्टरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता त्यांना संतपद द्यावं की नाही, याची चौकशी चालू होती. ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं त्यांच्या साक्षी घ्यायच्या होत्या. मावशीला पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला बोलावलं होतं.

आश्रमात आनंदीआनंद झाला. मावशीची मुलगी तिथेच नर्स होती, तिने आईसाठी नवी चप्पल आणली. आता कारभार पाहणाऱ्या धाकट्या सिस्टर मुद्दाम धुण्याच्या खोलीत येऊन म्हणाल्या की घाबरू नका, थोरल्या सिस्टरांची माया तुमच्याइतकी कोणी पाहिलीय? मावशीने मान हलवली आणि पुन्हा बादलीत हात घातला.

माया तिने पाहिली होती. चिघळलेल्या जखमा थोरल्या सिस्टर स्वतः धूत, उष्टं ताट पुढे ओढून जेवत. पण मावशीने आणखीही एक गोष्ट पाहिली होती आणि ती एकतीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

तेव्हा तापाची साथ होती. खाटा चाळीस आणि माणसं त्र्याहत्तर. सिस्टर तीन दिवस झोपल्या नव्हत्या. भर दुपारी फाटकाशी एक माणूस आला, तापाने लटपटत होता. मावशी तिथेच दोरीवर चादरी टाकत होती. सिस्टर वॉर्डाच्या पायरीवरूनच म्हणाल्या, जागा नाही म्हणून सांग. मावशी म्हणाली, त्याला उभंसुद्धा राहवत नाहीये. त्यावर सिस्टर कधी नव्हे त्या ओरडल्या, "मी सांगते ना, दार लाव!"

मावशीने कडी घातली. त्या माणसाने विनवणी केली नाही. थोडा वेळ गजांवर हात ठेवून उभा राहिला, मग निघून गेला.

तासाभराने सिस्टर बाहेर आल्या, कुठे गेला तो म्हणून विचारलं आणि अनवाणीच रस्त्याने निघाल्या. मावशी मागोमाग. संध्याकाळी तो पुलाखाली सापडला, पण संपलेला. दोघींनी त्याला हातगाडीवरून आणलं आणि कब्रस्तानाच्या मागच्या भिंतीशी पुरलं. परत येताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "तू नाही. मी." त्यानंतर तो विषय दोघींनी कधी काढला नाही.

आता इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर आपल्या तोंडाने सिस्टरांचं संतपद जाणार, आणि ज्यांच्या मिठावर पोर वाढली त्यांच्याशीच बेइमानी. न सांगावं तर बायबलवर हात ठेवून खोटं बोलणं आलं. शिवाय मुलगी काय म्हणेल? आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. सिस्टर काही म्हणोत, कडी मावशीच्याच हाताने लागली होती.

त्या आठवड्यात तिने दोनदा नीळ जास्त टाकली. चादरी इतक्या निळ्या झाल्या की कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, मावशी, आम्हाला जिवंतपणीच आभाळात पोचवलंस. सगळे हसले. मावशीने त्या चादरी गोळा केल्या आणि पुन्हा धुतल्या.

मंगळवारी एका लांबट खोलीत तिला खुर्ची दिली. समोर एक वयस्कर फादर, शेजारी दुसरे, जरा तरुण. या दुसऱ्यांचं कामच शंका काढण्याचं. टोकाला टाइप करणारा कारकून. खरं सांगेन आणि इथलं बोलणं बाहेर नेणार नाही, अशी शपथ झाली. आधी सोपे प्रश्न आले: कधीपासून ओळखता, त्या प्रार्थना कधी करत, रागावत का. मावशी थोडक्यात उत्तरं देत राहिली. मग तरुण फादरांनी कागदावरून नजर उचलून विचारलं, "सिस्टरांनी कोणा गरजूला परत पाठवल्याचं आठवतं का?"

मावशीने पाणी मागितलं. आठवत नाही म्हणावं, एवढंच तर म्हणायचंय, असं मनात आलं. कारकून बोटं उचलून थांबला होता.

"एकदा," ती म्हणाली. "दार मी लावलं."

मग तिने सगळं सांगितलं, कडीपासून हातगाडीपर्यंत. संपल्यावर तरुण फादरांनी विचारलं की त्यानंतर सिस्टरांमध्ये काही फरक पडला का. मावशीने आठवून पाहिलं. त्यांनी आपली खाट वॉर्डात देऊन टाकली होती आणि मरेपर्यंत फाटकाजवळच्या चौकीत जमिनीवर झोपल्या. लोक त्याला नम्रता म्हणत.

"तुम्ही काय म्हणता?"

"मला वाटतं, त्या दाराकडे कान लावून पडायच्या, कोणी येतंय का म्हणून."

वयस्कर फादरांनी ती जागा दाखवाल का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना कब्रस्तानात घेऊन गेली. मागच्या भिंतीशी गवत कमरेइतकं वाढलं होतं, खूण काहीच नव्हती. इथे की तिथे, तिला कळेना, आणि आपलं सगळंच खोटं ठरेल या भीतीने ती पायाने गवत चाचपत राहिली. शेवटी गवतात दगडांची एक ओळ पायाला लागली. सिस्टर दर वर्षी एक दगड आणून ठेवत, हे तिला आता कुठे कळलं. वीस होते; त्या साथीनंतर सिस्टर वीसच वर्षं जगल्या होत्या. फादरांनी उभ्याउभ्याच प्रार्थना म्हटली.

निघताना मावशीने विचारलं, "दार मी लावलं, ते लिहिलंत ना?"

"लिहिलंय."

"मग असू दे."

घरी मुलीने विचारलं, काय सांगितलंस? शपथ होती, म्हणून मावशी म्हणाली, जे पाहिलं ते. मुलीने दोन दिवस अबोला धरला, मग आपणच बोलू लागली. पुढच्या वर्षी चौकशीचे कागद मोहरबंद होऊन पुढे रोमला गेले. निकालाला आणखी किती वर्षं लागतील हे धाकट्या सिस्टरांनाही माहीत नव्हतं. त्या एकदा ओल्या चादरी मोजता मोजता म्हणाल्या, "मावशी, तुमची साक्ष फार लांबली म्हणे." मावशी हो म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं, पिळायला.