पाच मिनिटं ठेवा, पण कुठे?

मंडळी, नेवाशात माझं औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला औषध समजावून सांगावं तर मीच, असा आज दुपारपर्यंत माझा ठाम समज होता.

महिन्यापूर्वी एका काकूंना लेकीच्या कोंड्यासाठी शाम्पू दिला होता. आज त्यांनी रिकामी बाटली काउंटरवर आपटली. "ताई, काईच फरक न्हाई. उद्या पोरीचे केसच कापून टाकते."

मागे लेक उभी, कमरेपर्यंतची वेणी मुठीत घट्ट धरून.

कोंड्यामागे बुरशी असते आणि हा शाम्पू तिच्यावरच चालतो. मग चुकलं कुठं? "कसा लावला, काकू?"

"तुमी सांगितलं तसाच! मगभर पाण्यात घोळला, पाच मिनिटं ठिवला, शिकेकाई भिजवतो तसा. मंग डोक्यावर ओतला आन् लगेच धुतलं."

"पाच मिनिटं ठेवा" हे माझेच शब्द. "डोक्यावर" म्हणायचं मीच विसरले होते!

मग नीट सांगितलं: ओल्या केसांत मुळाशी चोळायचा, पाच मिनिटं डोक्यावरच राहू द्यायचा, मग धुवायचा. आठवड्यातून दोनदा. फरक पडणार. तोवर कात्री लपवून ठेवा.

लेकीनं वेणी सोडली.

आता खरं सांगा, बाटलीवरचं तुम्ही वाचता, की माझ्यासारखीच्या अर्ध्या वाक्यावर भागवता?