संत्र्यांच्या गावाला संत्री घेऊन गेले

आमच्या प्रोजेक्टचा परदेशी ग्राहक 'विचार करतोय' असं ऑफिसात सांगून झालं होतं. त्याचा विचार होईपर्यंत रोज घरी लॅपटॉप उघडून बसायचं, एवढंच काम उरलं होतं. असं नुसतं बसणं मला जमत नाही. त्यातच शेंदूरजनाघाटहून मामीचा फोन आला की मामा संत्र्याची बाग तोडणार आहेत. बाबा गेले त्या वर्षी आई माहेरी राहिली होती. विहिरीकडची कलमं तिने तेव्हा स्वतःच्या हातांनी लावली होती. तिचे गुडघे आता प्रवासाला नाही म्हणतात. "तू जाय," ती म्हणाली. "दादाले सांग, मले इचारल्याबिगर माह्या झाडांले हात लावू नको." इतकी वर्षं पुण्यात काढूनही माहेरचा विषय निघाला की आई अशी बोलते. मी त्याच रात्रीच्या गाडीत बसले.

सकाळी अकोल्याला उतरलात तर स्टेशनबाहेर आलूबोंडा खा, वरून तिखट रस्सा घालून. चाळीस रुपयांत पोट भरतं आणि नाकातून पाणी येतं. मामाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी एका फळांच्या गाडीपाशी थांबले. वर स्टिकर लावलेली चकचकीत संत्री रचून ठेवली होती, खाली टोपलीत डागाळलेली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"इजिप्तची, ताई. खालची आपली, वरूडकडची," फळवाले चाचा म्हणाले. "पर गिऱ्हाईक वरचीच मांगते. दिखने में अच्छी है ना."

मीही गिऱ्हाईकच. पुण्याच्या सवयीने वरचीच दोन किलो घेतली, आणि आपण कुठल्या गावी निघालोय हे डोक्यातही आलं नाही.

मूर्तिजापूरवरून अमरावतीचा रस्ता आता झकास झालाय. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी करू नका. अमरावतीला बस बदलताना गिला वडा खाल्ला, दही घातलेला, गारेगार. पुढे मोर्शी, वरूड, आणि तिथून रिक्षा. शेंदूरजनाघाटच्या रस्त्याला संत्री धुऊन पेट्यांत भरायच्या शेड आहेत. लहानपणी इथे ट्रकांमधून वाट काढावी लागायची. आता बऱ्याच शेडना कुलूप होतं, एका शेडमध्ये कुणीतरी ट्रॅक्टर लावून ठेवला होता. मला उगाच घाई झाली.

रिक्षा थेट बागेपाशी थांबवली, मामा बांधावरच होते. पानं पिवळी पडलेली, जमीन भेगाळलेली.

"मामा, मारलीत का हो झाडं?"

"मारली नाई, बाई. ताणावर सोडली," मामा म्हणाले. संत्र्याचं पाणी काही आठवडे तोडतात, झाड तहानेनं पानं टाकतं, आणि मग पाणी सोडलं की फुलून येतं. आईकडून हे शंभरदा ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं.

"मग पाणी कधी सोडणार?"

"तेच ठरून नाई राहिलं. बांगलादेशनं आपल्या संत्र्यावर टॅक्स वाढोला. माल तिकडं जात नाई, इथंच पडून राहते. अन् एकदा झाड फुललं का मंग तोडवत नाई माह्याच्यानं. म्हून पाण्याच्या आधीच मशीन बोलावली, सोमवारची."

"त्या जागी काय लावाल?"

"सोयाबीन लावा नाई तं कापूस लावा. त्याचा भाव कोण ठरवते? तोबी कुठं तरी बाहेरच ठरते."

मी आईचा निरोप सांगितला. मामा विहिरीपर्यंत गेले, पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले, तसेच परत आले.

घरी मामीने माझी पिशवी उघडली आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी एक फळ उचललं, स्टिकर निरखला, अंगठ्याने साल काढायला गेले. निघेना. शेवटी मामीने विळीवर चिरून दिलं. एक फोड त्यांनी सावकाश खाल्ली.

"गोड हाय," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काहून लाजून राहिली? माहा मोबाईलबी चीनचाच हाय," म्हणून त्यांनी दुसरी फोड तोंडात टाकली.

रविवारी पुण्यात परतले. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, तेव्हा बागा फुललेल्या असतात म्हणतात. मी मात्र वाळकी झाडं डोळ्यांत घेऊन आले. सोमवारी ग्राहकाचा विचार चालूच होता आणि मी लॅपटॉपवर ढाक्याच्या बातम्या वाचत बसले होते. याआधी कधी वाचल्या नव्हत्या.

दुपारी मामांचा फोन आला. मी आईला हाक मारून स्पीकर लावला.

"सडकेकडली गेली," ते म्हणाले. "विहिरीकडली ठेवली. सकाळी पाणी सोडलं."

आईने पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "दादा, फुलांचा वास सुटला का फोन करजो."

"फोनवर कसा येईन वास? तू ये."

फोन ठेवून आई गुडघे दाबत बसली. मग मला म्हणाली, "दोन तिकिटं काढ. अन् अकोल्यात त्या फळांच्या गाडीपाशी थांबू नको."