अण्णांच्या जिवाची आण

देवावर माझा विश्वास लहानपणापासूनचा, पण देवावर भार टाकून मी कधी स्वस्थ बसले असं मात्र झालं नाही. रोज सकाळी जप करायचा, शनिवारी धारवाडजवळच्या नुग्गीकेरीच्या हनुमंताला तेल घालायचं आणि उरलेला सगळा वेळ काळजी करायची, हा माझा नेम. आमचे हे धारवाडच्या कोर्टात वकिली करायचे. ते म्हणायचे, "तू देवाला काम सांगतेस आणि मग मुकादमासारखी त्याच्या मागे उभी राहतेस." वकिलाशी वाद कोण घालणार? मी ऐकून घेत असे, आणि काळजी चालूच राहत असे.

काळजी असायची ती मुख्यतः नलूची. आमची एकुलती एक मुलगी. घरात जुनी फियाट आली आणि नलूला अठरावं संपल्याबरोबर यांनी तिला मैदानावर नेऊन गाडी शिकवली, लायसनही काढून दिलं. त्या काळात आमच्या गल्लीत गाडी चालवणारी मुलगी म्हणजे नवलच होतं. शेजारच्या अक्का मुद्दाम दारात येऊन बघत. यांना त्याचं कोण कौतुक! मी मात्र ती गाडीत बसली की फाटकात येरझाऱ्या घालायची. तिचा हात चांगला होता, पण धीर नव्हता. पुढे कुणी हळू चाललेलं तिला खपतच नसे.

व्हायचं ते झालंच. हुबळीहून साड्यांची खरेदी करून आम्ही तिघं परतत होतो. नवनगरच्या अलीकडे एका बसला मागे टाकायला नलूनं गाडी उजवीकडे काढली, आणि समोरून टेम्पो आला. तिनं गाडी पुन्हा डावीकडे ओढली, ती रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आदळली. यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. माझं कपाळ फुटलं, टाके पडले. नलूला साधं खरचटलंही नाही, पण ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसून राहिली होती. लोकांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. जीव वाचले हे खरं, पण माझ्या डोळ्यांसमोरून तो टेम्पो जाईना. भाजी चिरतानाही तो समोरून यायचा.

टाके निघाल्यावरच्या शनिवारी मी नलूला घेऊन नुग्गीकेरीला गेले. गाभाऱ्यासमोर उभं करून म्हटलं, "पुन्हा गाडीच्या चाकाला हात लावणार नाहीस म्हणून शपथ घे. अण्णांच्या जिवाची आण घे." वडिलांवर तिचा फार जीव. माझी आण घातली असती तर ती कदाचित विसरली असती, अण्णांची विसरणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला, तरी तिनं देवासमोर हात जोडून शपथ घेतली. घरी आल्यावर मी यांना सांगितलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. "माझा जीव गहाण टाकलास, निदान मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाले. मला मात्र त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

खांदा बरा झाल्यावर हे स्वतः गाडी चालवू लागले. नलू शेजारी बसे, मी मागे. आणि मग त्या दोघांचा एक खेळ सुरू झाला. हे गाडी चालवता चालवता विचारायचे, "काय दिसतंय?" ती सांगायची, सायकलवाला, शाळेतली पोरं, बैलगाडी. मग हे विचारायचे, "आणि काय दिसत नाही?" उभ्या बसच्या पुढून कुणी धावत येईल का, वळणापलीकडे काय असेल, सायकलवाला खड्डा चुकवायला आत वळेल का, हे तिनं सांगायचं. चुकली की ते गाडी हळू करून तिला पुन्हा बघायला लावत. हुबळीच्या गोकुळ रोडवर कारखाने सुटायच्या वेळी तर हा खेळ अगदी रंगात येई. मी एकदा वैतागून म्हटलं, "जिला हात लावायचा नाही, तिला हे कशाला?" ते म्हणाले, "हात लावायचा नाही हे कबूल. डोळे लावायला तुझ्या हनुमंताची हरकत आहे का?" मी माळ हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.

असं वर्ष गेलं असेल. चैत्रात अळणावरला यांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. दिवस शनिवारचा, म्हणजे माझं नुग्गीकेरी चुकणार. त्याची रुखरुख मला सकाळपासून लागली होती. जेवणं आटोपून आम्ही निघालो. अळणावर मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडी सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर यांनी गाडी हळू केली, व्यवस्थित रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चाकावर डोकं टेकवलं. मला वाटलं, झोप येत असेल. मागून पुढे वाकून बघते तर सदरा घामानं चिंब झालेला आणि ओठ पांढरे पडलेले. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय," असं ते म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांना कसंबसं मागच्या सीटवर आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नलूनं पुढचं दार उघडलं आणि ती तिथेच उभी राहिली. आत बसेना. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दोघींच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती उच्चारायचं धाडस दोघींनाही होईना. ती चाकाला हात लावणार, म्हणजे अण्णांच्या जिवाची आण मोडणार, आणि तीही अण्णांचा जीव असा टांगणीला लागलेला असताना. नाही लावला, तर या रानात मांडीवरच काय होईल ते बघत बसायचं. आज शिकलेली माणसं यावर हसतील. त्या वेळी मला तो खराखुरा पेच होता. मी हनुमंताला सारखी म्हणत होते, तूच काहीतरी सांग, मी पडले यात, मला बाहेर काढ. हे डोळे मिटूनच पुटपुटले, "अगं, वरच्या कोर्टात जायला वेळ नाहीये. बसू दे तिला." तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात झाडीतल्या पायवाटेनं एक म्हातारी वर आली. कासोटा घातलेलं हिरवं इरकली लुगडं, काखेत गाठोडं, पायांत काही नाही. गाडी आपल्यासाठीच थांबली आहे अशा थाटात ती जवळ आली आणि तिनं विचारलं, "धारवाडक्क होंटीरेन्री?" धारवाडला निघालात का, म्हणून. आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या सीटवर बसलीसुद्धा. गाठोडं मांडीवर घेतल्यावर तिचं लक्ष मागे गेलं. यांचा चेहरा तिनं नीट निरखला, मग नलूकडे वळून तिनं विचारलं, "याक निंती, तंगी?" का उभी राहिलीस, बाळ?

का कोण जाणे, जे नवऱ्याला आणि मुलीला सांगता येत नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला कानडीत सांगून टाकलं. गाडीचा अपघात, नुग्गीकेरी, शपथ, कुणाच्या जिवाची शपथ, सगळं. बोलताना मला रडू कोसळलं. माझं संपल्यावर म्हातारीनं हात मागे करून तळवा उघडा धरला, जणू मी तिच्या हातावर काही ठेवायचं होतं. "आ आणि नन्न म्यालिरलि," ती म्हणाली. ती आण माझ्यावर राहू दे. "इवत्त शनिवार. ना अल्लिगे होंटीनि. हणमप्पग ना हेळतीनि." आज शनिवार, मी तिकडेच निघाले आहे, हणमप्पाला मी सांगते. शेजारणीला निरोप सांगावा इतक्या सहज म्हणाली. मी तिच्या खरबरीत तळव्यावर माझा हात ठेवला, आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "बस नलू. चालव."

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा आचका देऊन निघाली. मी यांच्या छातीवर हात ठेवून जप करत होते, आणि थोड्या वेळानं आरशात दिसलं की नलूचेही ओठ हलताहेत. वाटलं, पोरगी देवाचं नाव घेते आहे. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "डावीकडे म्हशी. गुराखी दिसत नाही, असेल मागे. हळू. आता वळण. पलीकडचं दिसत नाही. अजून हळू." एकेक शब्द, न थांबता. यांचे डोळे मिटलेले होते, पण एकदा त्यांनी अगदी क्षीण आवाजात विचारलं, "आणि?" ती म्हणाली, "आणि समोर मोरी आहे, अण्णा. अरुंद आहे." त्यांचा श्वास त्यानंतर थोडा संथ झाल्यासारखा मला वाटला. इतकी वर्षं मी माळ ओढली, पण असं मन लावून मी एकदाही जप केला नव्हता.

पुढे लाकडं लादलेली एक लॉरी लागली. बैलाच्या चालीनं चाललेली. तिच्यामागे आम्ही अडकलो, आणि यांच्या ओठांचा रंग मला पाहवेना. जिनं मुलीला आण घातली होती, तीच मी ओरडले, "काढ ना पुढे, नलू!" तिनं मान वळवली नाही. "नाही आई. वळणापलीकडचं दिसत नाहीये," ती म्हणाली आणि अंतर राखून मागेच राहिली. मला तिचा राग आला. तो राग मनात उतरायच्या आत वळणावरून भरलेली बस आली, रस्त्याच्या मधोमध, धूळ उडवत, आणि आम्हाला हलवून निघून गेली. म्हातारीनं गाठोडं जरा सावरून घेतलं. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, लांबवर मोकळा दिसला, तेव्हा नलूनं हॉर्न दिला, लॉरीवाल्यानं हात दाखवला, आणि मग ती पुढे निघाली. त्यानंतर धारवाड येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी गप्प राहिल्याचं दुसरं उदाहरण नाही.

दवाखान्याच्या दारात माणसं धावत आली, यांना उचलून आत नेलं. मी बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. वेळेत आणलंत, जपून आणलंत, असं डॉक्टर म्हणाले होते. नलू पायरीवर बसली होती, म्हातारी नव्हती. "ती गेली," नलू म्हणाली, "मला म्हणाली, उशीर झाला, देऊळ बंद होईल." तिचं नाव, गाव, काहीच आम्ही विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी नुग्गीकेरीला गेले, रांगेतली प्रत्येक म्हातारी निरखून बघितली. पुजाऱ्यांनाही विचारलं. ते म्हणाले, अशा कितीतरी येतात, बाई. ओळखीचे लोक म्हणतात, तो हनुमंतच होता. मी काही म्हणत नाही. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास येत होता आणि सीट तापली आहे म्हणून तिनं दोनदा कुरकूर केली होती. पण माझ्यानं सुटत नव्हतं ते तिनं हात पुढे करून घेतलं, आणि ज्याच्याकडे पोचवायचं त्याच्याकडे पोचवलं, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

हे बरे झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली, ती त्यांनी वकिली न करता मानली. काही महिन्यांनी नलूला एकटीलाच हुबळीला जायचं होतं, मैत्रिणीच्या लग्नाला. मी फाटकात उभी होते. "माझी आण आहे, सावकाश जा," हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले आणि "ये" म्हटलं. ती गेली. गाडी कोपऱ्यावर वळली तरी मी फाटकातच उभी होते. शेवटी आत जाऊन देवापुढे बसले आणि जे होतं ते सगळं सांगितलं, टेम्पो, बस, कपाळावरची खूण, सगळं. काही मागितलं नाही. माझी भीती गेलेली नाही, ती जाईलसं वाटतही नाही. पूर्वी ती मी लेकीच्या डोक्यावर ठेवायची, आता त्याच्या पायांवर ठेवते. भीती तो सांभाळतो. गाडी नलू सांभाळते.